माती लावायचं काम

“हिला आधी मळवा,” कॉस्च्युमवाल्या मॅडम म्हणाल्या.

हिला म्हणजे माझ्या आईला. आई आमच्याच दारात उभी होती. अंगावर फेटिया-कांचळी, आमच्या बायकांचा आरशांचा घागरा आणि चोळी. एकेक आरसा तिने स्वतः लावलेला. होळीला, तीजेला, कुणाच्या लग्नात, तेवढेच ते कपडे पेटीतून निघतात. मॅडमच्या पायाशी बादली होती. तिच्यात चहापत्ती उकळून केलेलं काळं पाणी, वर आमच्याच शेतातली माती. मॅडमनी स्पंज बुडवला, पिळला आणि माझ्या हातात दिला.

“तू लाव. तुझीच आई आहे, तिला संकोच वाटणार नाही.”

अख्खं युनिट आजूबाजूला होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर निदान भांडता आलं असतं. सगळे आपापलं काम करत होते, आणि माझ्या आईला मळवणं हे त्यातलंच एक काम होतं.

मी बंजारा. आमचा तांडा हिंगोलीकडे, सेनगाव तालुक्यात; तिथल्या गोरेगावहून जीपने यावं लागतं. बारावीनंतर मी संभाजीनगरला मीडियाचा कोर्स केला. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर सिनेमातली कामं लिहिली. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी, वेशभूषा. म्हणाले, प्रत्येकाने आपलं काम निवडा. मी म्हणाले, कॅमेरा. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग हजेरीतल्या आडनावाकडे.

“तू लोकनृत्याचं बघ ना. तुमच्या तर रक्तातच असतं.”

मला नाचता येत नाही. पण माझ्या रक्ताची माहिती सरांना माझ्यापेक्षा जास्त. वर्ग हसला, मीही हसले. हसावं लागतं, नाहीतर म्हणतात हिला गंमत कळत नाही. शिकले मात्र कॅमेराच.

कोर्स संपला आणि पुण्याचे एक दिग्दर्शक तांड्यावर सिनेमा करायचा म्हणून कॉलेजात आले. तांड्याच्या वेदनेला आवाज द्यायचाय, म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे चला. ते म्हणाले, तुला कॅमेऱ्याच्या टीममध्ये घेतो. मी आईला फोनवर सांगितलं. आईने घरोघर सांगितलं. माझी पोरगी सिनेमाचा कॅमेरा धरणार, म्हणून तिला नीट झोपही लागत नव्हती.

युनिट आलं. सावलीला बाज हवी, मला हाक. समोरच्या बकऱ्या हाकलायच्यात, मला हाक. एकदा लेन्सची पेटी उचलायला गेले तर कॅमेरामन पटकन आडवा आला. “ताई, राहू दे. महाग आहे ते.”

मग मला सांगितलं, उद्या तांड्यातल्या बायका लागतील. मी घरोघर निरोप दिला. कपड्यांचं काही बोलले नाही. बोलायचं कशाला? आमच्यात बोलावणं आलं की माणूस न्हाऊन, पेटीतलं काढून, नीट होऊन जातो. तांडा मोठ्या पडद्यावर दिसणार म्हणून बायकांनी पहाटे उठून अंगणं सारवली. दारं पुसली. ज्या एरवी साडी नेसतात त्यांनीही सासूचा फेटिया मागून घातला. सकाळी तांडा असा उजळला होता की माझाच ऊर भरून आला.

दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला.

“अरे, हे काय करून ठेवलंय? हा तांडा तांड्यासारखा वाटतच नाही!”

तांड्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले. मग मॅडमनी बादली मागवली.

स्पंज माझ्या हातात होता. काळं पाणी पायावर गळत होतं. मी म्हणाले, “सर, मला कॅमेऱ्यासाठी घेतलं होतं.”

“कॅमेऱ्याला आमची पोरं आहेत. तू तुझ्या लोकांचं बघ.”

आई मराठी बोलते, तिला समजतंही सगळं. ती पुढे आली. शिंप्यासमोर मापाला उभं राहतात तसे तिने हात पसरले.

“लाव गं लेकरा. मला काई तकलीफ न्हाई. तुझं काम हाय ना?”

मला आधी आईचाच राग आला. मग कळलं, माझं काम जाऊ नये म्हणून ही बाई आपला सणालग्नाचा कपडा चिखलात घालायला तयार झालीये. तिला वाटतंय, कॅमेऱ्यापर्यंत जायची वाट अशीच असते. आणि ही वाट तिला मीच दाखवत होते.

“न्हाई लावणार,” मी म्हणाले. शहरात राहून ‘न्हाई’ऐवजी ‘नाही’ म्हणायची सवय लावून घेतली होती. त्या वेळी घरचंच तोंडात आलं.

“हा रिअ‍ॅलिझम आहे,” दिग्दर्शक म्हणाले. “शिकवलं नाही तुला?”

“आमी असे राहत न्हाई, सर.”

“प्रेक्षकाला असंच बघायचं असतं. एवढं जमत नसेल तर सिनेमात तुझं काम काय?”

मी स्पंज बादलीत टाकला. आईचा हात धरून तिला घरात नेलं आणि दार लावलं.

शूटिंग थांबलं नाही. मेकअपच्या मुलीने बाकीच्या बायकांना मळवलं. माझ्या काकूच्या ओढणीवर चहाचा डाग पडला, तो अजून निघालेला नाही. आईने फेटिया-कांचळी घडी घालून पेटीत ठेवली. मग म्हणाली, “काहून नडलीस? मातीच तर होती. रोज लागती.”

“शेतात लागती ती तुझ्या कामाची, याडी. ही त्यांनी लावायला आणली होती.”

“काम गेलं ना पण तुझं,” ती म्हणाली. तिला पटलं नाही. अजून पटलेलं नाही, आणि त्याचा त्रास मला त्या दिग्दर्शकापेक्षा जास्त होतो.

सिनेमाला बक्षीस मिळालं. अगदी अस्सल तांडा दाखवला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी आता हिंगोलीच्या एका स्टुडिओत लग्नांचं शूटिंग करते. वसमतपर्यंत जाते. मांडवात म्हातारे म्हणतात, “पोरगी शूटिंग करून राहिली व्हय?” व्हय, करून राहिले. हात बसतोय माझा. कुठला उजेड कुठून घ्यायचा ते कळतंय.

सरांनी फळ्यावर लिहिलेल्या कामांत मळवायचं काम नव्हतं. पण ते असतं, आणि आमच्यासारख्यांच्या हातात आधी तेच देतात. मी सिनेमा करणार आहे. माझ्याच तांड्यात, कॅमेरा माझ्या खांद्यावर. आई काय घालणार ते आई ठरवील. आणि माझ्या सेटवर कुणी तसली बादली आणली, तर तिला पहिली लाथ मी घालीन. मग आणणाऱ्याला तांड्याबाहेर काढीन.