मेलेल्या झाडानं माशी धरली

"मेलं, फेकून दे" म्हणणारे कुठं गेले आता? थंडीत माझ्या माशीखाऊ झाडाची पानं काळी पडली, तव्हा ह्याच ग्रुपवर सगळ्यांनी तेच लिवलं. मेलं नव्हतं, झोपलं होतं.

आमचे मालक तर मूठभर शेणखत घेऊनच आल्ते. मी हात धरला. ह्याला खत दिलं की मरतं, माशी हेच त्याचं खत. बोअरचं पाणीबी चालत न्हाई, बॅटरीत टाकतात ते डिस्टिल पाणी लागतं. त्याच्यावरून मालकाचा रोज टोमणा, "आम्हाला बोअर, अन् महाराणीला बॅटरी."

आज वडीगोद्रीला आमची रसवंती चालू केली अन् कुंडी गल्ल्याजवळ ठेवली. नवी पानं फुटलेली, जबडे उघडे. एक माशी आत शिरली अन् फटकन मिटलं. मी अशी वरडले की गिऱ्हाईक रस सोडून उठलं.

मालक म्हणले, "एक गेली, बाकीच्यांचं काय?" पण मंग दिवसभर तेच गिऱ्हाइकाला कुंडी दाखवून राह्यले.

आता ऊन चढून राह्यलंय. ह्याला दुपारी सावलीत ठेवू का उन्हात? ज्यांनी मेलं म्हणून लिवलं, त्यांनीच कुण्या जाणकाराला विचारून रविवारपर्यंत बराबर सांगायचं.