व्याह्यांची फाईल

उद्या जगबुडी आली आणि पाणी माझ्या व्याह्यांच्या मुळगावच्या घराच्या पायरीला लागले, तरी ते जागचे हलणार नाहीत. आधी चष्मा लावतील आणि हे सगळे कोणाच्या परवानगीने चालले आहे ते पाण्याला विचारतील. पाण्याने कागद दाखवलाच, तर तो उलटसुलट बघून "सही आसा, शिक्को खंय आसा?" म्हणून परत पाठवतील. मी गोव्यातल्या पेडण्याचा, जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. शाळेतले कारकून, तपासणीला येणारे साहेब, असे कागदावर जगणारे पुष्कळ लोक मी पाहिले. पण माझ्या लेकीच्या सासऱ्यांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे त्या सगळ्यांनी मिळून दिले नाहीत. त्यात व्याही हे नातेच असे, की कितीही धक्का बसला तरी चेहऱ्यावर हसू ठेवून "वा, छान" म्हणावे लागते.

पाळीच्या बाजूला एका खाणीच्या फाटकावर बसून त्यांनी सगळी नोकरी खनिजाच्या ट्रकांना पास लिहून देण्यात काढली. ट्रकाचा नंबर, ड्रायव्हरचे नाव, माल, वेळ. तीन प्रती, मध्ये कार्बन. पास नसला की ट्रक हलायचा नाही, मग आत खुद्द मॅनेजर का बसलेला असेना. पुढे खाण बंद पडली, ट्रक गेले, फाटकाला गंज चढला, पण व्याह्यांच्या हातातले पेन काही खाली आले नाही. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने सायकलचा भोंगा वाजवला की हे वही घेऊन बाहेर येतात, "उंडे सहा, पैकी एक करपलेला" असे लिहितात आणि त्याची सही घेतात. पोदेरही आता इतका सरावला आहे की टोपलीवरचा कपडा काढण्याआधी हात पुढे करतो आणि मालकाला हाक मारावी तसा म्हणतो, "पात्रांव, पेन दी." मी एकदा भीत भीत म्हटले, की पावाला कशाला हो सही? तर म्हणाले, "मास्तर, तोंडान सांगलेला वाऱ्यार जाता. कागदार लिवलेला ऱ्हवता."

माझा पहिला धक्का लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा. लेकीची पाठवणी करून आम्ही पेडण्याला परतलो होतो. घर सुने झाले होते, बायको स्वयंपाकघरात डोळे पुसत होती, आणि एक माणूस लिफाफा घेऊन आला. आत व्याह्यांच्या टपोऱ्या अक्षरात पावती होती. "आपल्याकडून खालीलप्रमाणे पोचले. समई जोडी एक. पाणी तापवायचे तांब्याचे भाण एक. मुलगी एक, सुस्थितीत." खाली सही आणि तारीख. माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. असला माणूस माझ्या मुलीचा सासरा? मी कागद फाडणार तेवढ्यात बायकोने तो हातातून घेतला, वाचला, आणि रडता रडता अशी हसत सुटली की तिला पाणी द्यावे लागले. ती पावती तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.

लेकीला सासऱ्यांचे फार कौतुक. ती चित्रपटवाली. चार वर्षे खपून तिने पहिली मोठी कथा लिहिली होती, एका बाईची आणि एका तळीची. ती तळी म्हणजे व्याह्यांच्या कुळागरातली. माडापोफळींची गर्द बाग, मधून खेळवलेले पाट आणि वरच्या अंगाला झऱ्याची ती हिरवी, गार तळी. सगळा सिनेमा तिच्या काठावर घडणार होता. हवा असलेला कॅमेरावाला मे महिन्याच्या शेवटचे आठ दिवस मोकळा होता, पुढे तो दुसऱ्या कामाला बांधलेला. आणि पाऊस लागला की डोंगरावरची माती उतरून तळी लाल होते. म्हणजे ते आठ दिवस, नाहीतर पुढचे वर्ष. इतके सगळे एका केसावर टांगलेले असताना लेकीने परवानग्यांचे काम कोणाकडे द्यावे? सासऱ्यांकडे. हे ऐकले तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

पंधरा दिवसांनी मी मुळगावला गेलो तर मेजावर फाईल उभी होती. उभी म्हणतो ते खरेच, इतकी जाड झाली होती. पंचायत, पोलीस, मामलेदार हे समजण्यासारखे. पण समोरच्या घराचे जनेल, म्हणजे खिडकी, एका शॉटमध्ये दिसणार म्हणून त्या जनेलाच्या मालकाची संमती, त्या जनेलात संध्याकाळी बसणाऱ्या त्याच्या आईची वेगळी संमती, आणि "गाय, तांबडी, शिंगे दोन" अशा मथळ्याखाली गायीचा अर्ज. मला हसू आवरेना. मी लेकीला बाजूला घेऊन म्हटले, सासऱ्यांना सांभाळ ग, आता गायीची परवानगी काढायला निघालेत. ती म्हणाली, "पपा, ती खरंच लागते. जनावर पडद्यावर दिसणार असेल तर वरून आधी परवानगी आणावी लागते. आमच्या युनिटात कुणाच्या लक्षातच नव्हतं." व्याह्यांनी माझ्याकडे न बघता पुढचा कागद टोचला.

त्याहून मोठा धक्का देवळातला. आमच्याकडे कुठलेही नवे काम काढायचे तर देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली की देव हो म्हणाला. शूटिंगसाठीही कौल लावला, मीही हजर होतो. उजवी पडली, सगळ्यांनी हात जोडले, आणि व्याह्यांनी पिशवीतून टंकलेला कागद काढला. "ग्रामदेवतेने उजवा कौल दिला असे प्रमाणित करण्यात येते." गुरव बघतच राहिला. "कौल देवान दिलो," तो म्हणाला, "मी सही कशाक करू?" व्याही शांतपणे म्हणाले, "देव सही करीना म्हणान." गुरवाने सही केली. तो कागद फाईलमध्ये क्रमांक अकरावर लागला, पोलिसांच्या वर.

त्यांचे दोन नियम होते आणि दोन्ही लोखंडी. पहिला, फाईलमध्ये मूळ प्रतच लागली पाहिजे. "झेरॉक्स म्हणजे माणसाची सावळी," ते म्हणत, "सावळेक कोण पान वाढता काय?" आणि दुसरा, अट घातलेली परवानगी ही परवानगीच नव्हे. देवळाच्या समितीने पत्रात "आत चपला घालून येऊ नये" अशी एक ओळ घातली, तर तेवढ्यासाठी त्यांनी ते परत पाठवून नवे लिहून घेतले. या सगळ्यात दिवस जात होते, पण कागद येत होते. शूटिंगला आठवडा उरला तेव्हा फक्त एक पान रिकामे राहिले होते, आणि ते होते खुद्द त्यांच्याच कुळागराचे.

कुळागराच्या उताऱ्यावर दोन नावे. एक व्याह्यांचे, दुसरे त्यांच्या धाकट्या भावाचे. हा भाऊ वास्कोला गोदीत नोकरी करून तिथेच स्थायिक झालेला. मी त्यांना कधी पाहिले नव्हते, आमच्या मुलांच्या लग्नातही नाही. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या एकट्याच्या सहीवर काम होतं. दुसरी सही कोण विचारणार आहे?"

"मी विचारतलंय," व्याही म्हणाले.

खरा प्रकार मला विहीणबाईंनी ओटीवर बसून हळू आवाजात सांगितला. व्याह्यांचे वडील गणपतीच्या चवथीला आरतीत घुमट वाजवत, मातीच्या मडक्याला चामडे ताणून केलेले. ते वारले, दिवस झाले, आणि धाकट्याने खुंटीवरचे ते घुमट वास्कोला न्यायला काढले. व्याह्यांना काही म्हणायचे नव्हते. न्यावे, जरूर न्यावे. फक्त सवयीप्रमाणे त्यांनी कागद पुढे केला. "घुमट एक, चामडे शाबूत." धाकटा कागदाकडे बघत राहिला. "बापायचा घुमट न्हेताना मी सही करू, दादा?" एवढेच तो म्हणाला. हे म्हणाले, "सगळ्यांक करतंय तसा तुकाय केला." धाकट्याने घुमट छातीशी धरले, सही न करता पायऱ्या उतरला, आणि त्यानंतरच्या नऊ चवथींना तो मुळगावची पायरी चढला नाही. "आरतीक आमी आता टाळ्यांनीच भागवतो," विहीणबाई म्हणाल्या.

सख्ख्या भावाकडे सही मागायला व्याह्यांनी काय केले? रजिस्टर पत्र पाठवले. ते न स्वीकारता परत आले. त्यांनी दुसरे पाठवले, तेही परत आले. दोन्ही लिफाफे त्यांनी फाईलला जोडले. शूटिंगला तीन दिवस उरले होते. लेकीचा चेहरा मला बघवेना. आणि मी, जन्मात जे केले नव्हते ते केले. व्याह्यांवर ओरडलो. "अहो, सख्खा भाऊ ना तुमचा? त्याला रजिस्टर पत्रं कसली पाठवता? माझ्या मुलीची चार वर्षं तुमच्या या फाईलमध्ये बुडतायत. तिथे जा ना." विहीणबाई दाराआड थबकल्या. मला वाटले, आता हे मुलगी एक, सुस्थितीत, परत पाठवतात.

ते बराच वेळ फाईलच्या दोऱ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, नऊ वर्सां जाऊचा म्हणतंय. पण जाऊन सांगू काय? हातात काय तरी व्हया ना. आता अर्ज आसा." मग फाईलकडे बघतच म्हणाले, "तुमी येश्यात?"

तेव्हा मला कळले की ती सही सिनेमासाठी नव्हतीच, आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डिचोलीहून पणजी आणि पणजीहून वास्को असे सरकारी बसने गेलो. सबंध वाटभर अर्ज तीन प्रतींत त्यांच्या मांडीवर, वर हात. धाकट्याचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. त्यानेच दार उघडले. तसाच चेहरा, तेच कान, फक्त दम लागलेला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. काहीतरी बोला हो, असे मी मनात म्हणतोय, तर व्याह्यांनी चष्मा लावला आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या अर्ज वाचायला सुरुवात केली. "अर्जदार, राहणार मुळगाव, आपणांस विनंतीपूर्वक कळवितो की..." मी डोळे मिटून घेतले. सर्वे नंबर झाला, चतुःसीमा झाल्या, तळीची लांबीरुंदी झाली. शेवटी "आपला" एवढे म्हणून आवाज अडकला. पुढचा "विश्वासू" काही बाहेर येईना. ते पुन्हा "आपला" म्हणाले आणि थांबले.

धाकट्याने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. "दादा, उब्यान कित्या वाचतंस? कादेर घे," म्हणून त्याने आतली खुर्ची पुढे ओढली.

आत भिंतीवर ते घुमट होते, पुसून लख्ख ठेवलेले. चहा आला. धाकट्याने पेन मागितले आणि व्याह्यांनी ते इतक्या घाईने दिले की खाली पडले. तो सावकाश लिहीत होता, दर ओळीनंतर श्वास घेत. लिहून झाल्यावर त्याने कागद त्यांच्यापुढे धरला. मी शेजारून वाचला. "चित्रीकरणास माझी संमती आहे. अट एक. येत्या चवथीला मी घुमट घेऊन घरी येणार. त्याची पावती मागू नये."

अट. आता हे कागद परत करणार आणि दुसरा लिहून मागणार, अगदी देवळाच्या समितीसारखा. व्याह्यांनी तो दोनदा वाचला. नीट घडी घातली. आणि पिशवीत फाईल असताना, ती न उघडता, कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. खाली उतरल्यावर म्हणाले, "मास्तर, फायलीक एक झेरॉक्स काढूया." मी रस्त्यातच उभा राहिलो. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला तेव्हा भानावर आलो.

शूटिंग ठरल्या दिवशी सुरू झाले. चवथीला धाकटे आले, घुमट कापडात गुंडाळून. पायरीवर त्यांनी ते व्याह्यांच्या हातात दिले तेव्हा यांचा उजवा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. सगळे बघत होते. हाताने वर जाऊन कान खाजवला आणि तो खाली आला. त्या आरतीला धाकट्यांना दम पुरत नव्हता, तरी त्यांनी घुमट कोणाला दिले नाही.

यंदाच्या चवथीला ते घुमट त्यांच्या मुलाने आणले. धाकटे मार्चमध्ये गेले.

गेल्या महिन्यात लेकीचा सिनेमा बाहेरगावच्या एका महोत्सवात निवडला गेला. तिथल्या लोकांना जागेच्या संमतीपत्राची मूळ प्रत हवी होती, म्हणून ती आणायला मी मुळगावला गेलो. व्याही ओटीवर होते. हल्ली ते पोदेराची सही घेत नाहीत, असे विहीणबाई म्हणाल्या. मी काम सांगितले. मूळ प्रत म्हटल्यावर त्यांचा हात सदऱ्यावर, आतल्या खिशाच्या जागी गेला आणि तिथेच राहिला.

"ती मेळची नाय, मास्तर," ते म्हणाले. "तांका सांगा, झेरॉक्स चालता."

मी बरे म्हटले, झेरॉक्स घेतली आणि शेवटच्या बसने पेडण्याला आलो. घरी आल्यावर देव्हाऱ्याचा खण उघडून आमची पावती जागेवर आहे ना ते पाहिले.