वहिनीचा लाल पेला

आमची वहिनी इस्पितळाच्या तळघरात सर्व्हर सांभाळते. सांभाळते म्हणजे नेमकं काय करते, हे मला दहा वर्षं कळलं नव्हतं. एकदा न राहवून विचारलं, "वहिनी, तुम्ही दिवसभर तिथं करता तरी काय?"

"काही घडू देत नाही," ती म्हणाली.

हे काय काम झालं! गोठा झाडला तर झाडलेला दिसतो तरी.

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. कुणाला कुठलं औषध दिलं, कुणाचं रक्त कुठल्या गटाचं, हे सगळं एकाच यंत्रात ठेवत नाहीत. तीन यंत्रं, तिघांत तेच. या तिघांना मिळून क्लस्टर म्हणतात.

"भाऊजी, घरात तिघी जावा आहेत असं समजा. एकीला न्हायला जायचं, तर दोघींनी चूल आणि पोरं बघायची. ती न्हाऊन आली की लगेच कामाला लागायचं नाही. कोण आलं, कोण जेवलं, कुठल्या पोराला औषध पाजलं, हे आधी ऐकून घ्यायचं. नाहीतर तेच औषध ती पुन्हा पाजेल. तिचं सगळं ऐकून झालं की मगच दुसरीनं न्हायला उठायचं."

"आणि दोघी एकदम गेल्या तर?"

"मागं राहिलेली एकटी दार लावून बसते. आपलंच खरं, हे ती कुणाच्या भरवशावर सांगणार? दार लागलं की सगळं इस्पितळ ठप्प."

हे ती अनुभवाने सांगत होती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिनं घाई केली होती. पहिलीचं ऐकून व्हायच्या आत दुसरीला न्हायला धाडलं आणि नऊ मिनिटं दार बंद. वर नर्सबाया औषधांची मापं पेनानं मनगटावर लिहीत धावत होत्या. कुणाला इजा झाली नाही, पण वहिनी आठ दिवस धड जेवली नाही. नवव्या दिवशी तिनं घरातला लाल प्लास्टिकचा पेला उचलून तळघरात नेला. जे यंत्र दुरुस्तीला काढलं, त्याच्या डोक्यावर पेला. ज्याच्यावर पेला नाही, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि पेला एकच! त्या पेल्यात आजवर पाण्याचा थेंब पडलेला नाही. तिथले लोक तिला मागून पेलेवाली म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

यंदा आमच्या म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच इस्पितळात झालं. एक डोळा आधीच गेलेला, म्हणून दुसऱ्याला हात लावू द्यायला दोन वर्षं तयार नव्हता. शेवटी एका अटीवर कबूल झाला: पट्टी सोडताना सून शेजारी पाहिजे. मी सख्खा मुलगा, पण माझं नाव नाही. थोरला भाऊ परगावी, त्याचंही नाही. वहिनीनं शब्द दिला, "बाबा, मी येते. चार वाजता."

त्याच दिवशी तळघरात दुरुस्ती निघाली. चार वाजून गेले, वहिनीचा पत्ता नाही. डॉक्टर साडेचारला दुसरीकडे जाणार होते. म्हाताऱ्यानं मला पिटाळलं, "जा, घेऊन ये तिला."

खाली गेलो तर गारठा आणि पंख्यांची घरघर. दुसऱ्या यंत्रावर लाल पेला. वहिनी पडद्यावरचा एक आकडा बघत उभी. आकडा अडतीस हजार, हळूहळू उतरणारा. तेवढ्या नोंदी अजून त्या यंत्राच्या कानावर पडायच्या होत्या.

तिचे साहेब शेजारी चुळबुळत होते. "अहो बाई, दिवा हिरवा झालाय की! तिसरं काढा, मी बघतो पुढचं. तुमचे सासरे वाट बघतायत."

"साहेब, हिरवा म्हणजे जागी झाली. तिचं ऐकून कुठं झालंय?"

"पाच-दहा मिनिटांनी काय बिघडतंय?"

"मागं नऊ मिनिटांनीच बिघडलं होतं."

मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टर जातील. बाबा घाबरलेत."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ओठ मात्र घट्ट मिटले. "माहीत आहे मला," एवढंच म्हणाली. आकडा वीस हजार. बारा. मीही बघत उभा राहिलो, दुसरं करणार काय! चार हजारांवर येऊन तो जरा अडला, तेव्हा मी पडद्याला मनातल्या मनात एक शिवी हासडली. अखेर शून्य झालं. मला वाटलं, सुटलो. पण बाईनं सकाळच्या दोन नोंदी त्या यंत्राला विचारून घेतल्या, दोन्ही बरोबर आल्या, तेव्हा कुठं पेला उचलला आणि जिन्याकडे धावली. पन्नाशीची बाई, पण मी दोन पायऱ्या मागंच.

वर चार पस्तीस. म्हातारा पट्टीवर दोन्ही तळवे दाबून बसलेला. डॉक्टर कडेला, नर्सबाईला हसू आवरेना.

"आजोबांनी हात लावू दिला नाही," डॉक्टर कुरकुरले. "म्हणतात, माझ्या सुनेला घाई चालत नाही, मलाही नाही."

"बाबा, आले मी," वहिनी धापा टाकत म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात खाली घेतले आणि तिचं मनगट धरलं. पट्टी सुटली. डोळा किलकिला झाला, पाणावला, इकडं तिकडं फिरला आणि तिच्या हातावर थांबला.

"पाणी आणलंस की नुसताच लाल पेला?"

वहिनी हसली, डोळे पुसले आणि मग तिला एकदम हातातलं ध्यानात आलं.

"भाऊजी, पळा खाली! साहेबांना सांगा, तिसऱ्याला हात लावू नका. पेला माझ्याकडे आहे."

मी पळालो. साहेब तिसऱ्या यंत्रासमोर खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते.

"सांगा बाईंना, सावकाश या," ते म्हणाले. "पेल्याशिवाय मी काय करणार?"