शिमग्याआधी की नंतर

बाबांचा मुतखडा शोधायला सोनोग्राफी केली आणि सापडलं भलतंच. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, एका जागी फुगली होती. उभा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या त्या माणसाला तिथे जरासुद्धा दुखत नव्हतं. मला भीती वाटली ती त्या न दुखण्याचीच.

कोल्हापूरच्या सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. फुगलेला भाग उघडून तिथे कृत्रिम नळी शिवायची. पण बाबांच्या साऱ्या रक्तवाहिन्यांत चरबी आणि चुन्याचा थर बसलेला. चिमटा लावायला, टाका घालायला धड जागा नाही. एखादी खपली सुटून मूत्रपिंडात किंवा पायात गेली, की संपलं. जांघेतून नळी सरकवावी, तर ती वाटही बुजलेली. "धोका आहे," ते म्हणाले, "पण थांबण्यात जास्त आहे. फुगा कधीही फुटेल." त्यांनी पुढच्याच आठवड्याची तारीख दिली.

घरी आल्यावर बाबांनी एकच सांगितलं, "देवाला इचारल्याशिवाय मी पोटाला सुरी लावून घेनार नाय."

माझं डोकं फिरलं. पण बाबांपुढे बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. ग्रामदेवतेला कौल लावायचं ठरलं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला असता तर बाबा जागचे हलले नसते. म्हणून मी शहाणपणा केला. आदल्या दिवशी गुरवाला गाठून म्हटलं, "ऑपरेशन करू की नको, असं विचारू नका. शिमग्याआधी करू की नंतर, असं विचारा. आधीला उजवी, नंतरला डावी."

गुरव जरा घुटमळला. "तुमी म्हनाल तसं," म्हणाला. कसाही कौल आला तरी ऑपरेशन होणारच, म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

डावी कळी पडली.

शिमगा पाच आठवड्यांवर होता. सर्जनना फोन केला, तर त्यांनी नाइलाजाने शिमग्यानंतरची तारीख दिली. कौलाचा प्रश्न मीच फिरवला हे बाबांना सांगावं, तर त्यांनी ऑपरेशनच मोडीत काढलं असतं. ते मात्र खुशीत होते. दुपारी जेवून आडवे झाले की बनियनखाली, बेंबीच्या वर, काहीतरी उडताना दिसायचं. मी समोर पेपर धरून तेच बघत बसायचो. एक अक्षर वाचत नव्हतो.

शिमग्याची पालखी दारात यायला तीन दिवस होते. सकाळी दाढी करता करता बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत. ॲम्ब्युलन्स आंबा घाट चढायच्या आत ते गेले.

तेराव्याला आई येईल त्याला सांगत होती, "देवानंच थांबवलंन, आपण काय करणार?" गुरवही आला होता. तो एकदा माझ्याकडे बघून खाली मान घालून बसला. आईला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही, अजून होत नाही.

आई त्यानंतर देवळाची पायरी चढलेली नाही. ती देवावर रुसली आहे, आणि मी तिला रुसू देतो.