डेपोकाका आणि आठ महिने उभी असलेली गाडी

डेपोकाकांचा आवाज जितका खाली जाई, तितकं प्रकरण गंभीर असे. अकोल्याच्या बस डेपोत तीस वर्षं इंजिनांच्या गोंगाटात काढलेला माणूस ओरडून बोलत असेल असं वाटतं, पण काकांचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागे. कॅनडात, एडमंटनला, ते आणि काकू मुलाकडे, आमच्या शेजारच्या घरात, राहत. वसंतराव हे त्यांचं नाव, पण गल्लीतली मराठी मंडळी त्यांना डेपोकाकाच म्हणत.

त्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ते माझ्या दारात उभे राहिले आणि जवळजवळ कुजबुजले, "तुझी गाडी चालू होईल काय रे?"

काकूंचं दिवसाआड डायलिसिस असे. बुधवारचं हिमवादळात बुडालं होतं. आजचं अकराला होतं आणि नेणाऱ्या व्हॅनवाल्यांनी रस्ते साफ नाहीत म्हणून येणं रद्द केलं होतं. टॅक्सीवाले दीड-दोन तास सांगत होते. मुलगा गाडी घेऊन उत्तरेला कामाच्या साइटवर गेलेला. काकूंचे पाय सुजले होते आणि जिना उतरताना त्यांना दम लागत होता.

माझी गाडी मेपासून गॅरेजमध्ये उभी होती. बाबांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलो, तो जानेवारीतच परतलो आणि आल्यापासून एलआरटीच्या ट्रेननेच फिरत होतो. काकांनी मुलाचा बूस्टर आणून बॅटरीला लावला. मी किल्ली फिरवली. इंजिन जोरात फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवणार, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

घाईने वारंवार किल्ली मारणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "फिरते म्हणजे बॅटरी ठीक आहे. आता पेट्रोल येते का ते पाहू. नुसती किल्ली अर्ध्यावर ने. मागं घुंई आवाज यायला पाह्यजे."

मी किल्ली अर्ध्यावर नेली. काका मागच्या सीटवर कान टेकवून वाकले होते. काही नाही.

"पेट्रोलचा पंप मुका आहे," ते म्हणाले.

"काका, ॲम्ब्युलन्स बोलावू या."

"साडेदहापर्यंत नाही झालं तर बोलाव. मी अडवणार नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेदहा.

अंदाजावर काम करायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ही त्यांची शिस्त. पंपाचा फ्यूज काढून उजेडात धरला. शाबूत. मग पंपाला करंट देणारा रिले काढून त्या जागी हॉर्नचा, तसाच दिसणारा, बसवला. पुन्हा किल्ली. पुन्हा शांतता. उणे अठ्ठावीसच्या थंडीत ते हातमोजे काढून काम करत होते आणि बोटं पांढरी पडत होती.

तेवढ्यात काकू कोट घालून हळूहळू गॅरेजच्या दाराशी आल्या. "अहो, नसेल होत तर राहू द्या. उद्या जाऊ."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "आत जाऊन बस. तुले थंडी लागते." हे मला ऐकूही आलं नसतं, इतक्या हळू.

मग त्यांनी माझ्याकडचा रबरी हातोडा मागितला, जमिनीवर पुठ्ठा टाकला आणि एकाहत्तराव्या वर्षी गाडीखाली सरकले. मी जातो म्हणालो, तर म्हणाले, "तू किल्लीवर राह्य. उभ्या-उभ्या पंप अडकला असंल. टाकीच्या बुडाला मारतो, तवा फिरव."

धप्. धप्. मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच फिरत राहिलं. दहा वीस झाले होते. मी खिशातून फोन काढला.

"अजून एकदा," खालून आवाज आला.

धप्. मागे कुठेतरी बारीक घुंई सुरू झाली. इंजिन खोकलं, मेलं, पुन्हा खोकलं आणि धूर ओकत पेटलं. काका बाहेर आले. "आता दवाखान्यापर्यंत बंद करू नको. पुन्हा उठंल याची खात्री नाही."

बर्फावरून मी जीव मुठीत धरून गाडी हाकली. काका काकूंना धरून मागे बसले होते आणि प्रत्येक सिग्नलला इंजिनचा आवाज जरा खाली आला, की आरशात त्यांचे डोळे दिसत. अकराला पाच कमी असताना पोचलो.

नर्सने रक्त तपासलं आणि लगेच दुसरीला हाक मारली. पोटॅशियम हृदयाला धोका होईल इतकं वाढलं होतं. काकूंना मशीनला लावल्यावर ती बाहेर येऊन म्हणाली, "आज आणलंत ते बरं केलंत. उद्यापर्यंत थांबायला नको होतं."

तिचं इंग्रजी मी काकांना मराठीत सांगितलं. ते कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा न ओतताच पुन्हा बसवलं. "गाडीचं मले भेव नव्हतं रे," ते म्हणाले. "गाडी दुरुस्त होते."

त्यानंतर काकू दीड वर्ष होत्या. त्या गेल्यावर काकांनी अकोल्याला परत जायचं ठरवलं. विमानतळावर मीच सोडायला निघालो. वाटेत त्यांनी डायलिसिस सेंटरपाशी थांबायला सांगितलं आणि नर्सेससाठी पेढ्यांचा डबा घेऊन आत गेले. दहा मिनिटांनी येऊन शेजारी बसले.

"तिची खिडकीजवळची खुर्ची होती न," ते म्हणाले, "तिथं दुसरी एक म्हातारी बसली आहे. स्वेटर विणत होती."

मी गाडी सुरू केली.

"बरं झालं," काकांनी बेल्ट लावला. "रिकामी असती तर पाह्यवली नसती."