गोगाबाबा टेकडीवरचं माझं वजन

माझ्यामुळे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण काही दिवस कमी झालं होतं.

झालं असं. मला डेंग्यू झाला तेव्हा आईनं गावच्या मारुतीला नवस बोलला, "पोरगं उठून बसू दे, घरच्या गुळानं त्याची तुला करीन!" पोरगं उठलं, बसलं आणि खात बसलं! पैठणजवळच्या आमच्या उसाचा गूळ आईनं माझ्या आजारातल्या वजनाइतकाच राखून ठेवला होता. तुला ठरली श्रावणातल्या शनिवारी, आणि तोवर मी भलताच फुगलो!

"विकतचा घालू की थोडा," मी म्हणालो.

"नाय! देवाला फसवितो व्हय?" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पोटापायी तिचा नवस मोडणार, याची मला खरंच लाज वाटली.

मग मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि उजेड पडला. वजन जागेवर ठरतं! गुरूवर अडीचपट, चंद्रावर सहावा हिस्सा. आपल्याच पृथ्वीवर ध्रुवाशी जास्त, विषुववृत्ताशी कमी आणि उंचावर आणखी कमी! चंद्राला एसटी जात नाही, म्हणून मी आमच्या शहरातली गोगाबाबा टेकडी धरली. घरातला वजनकाटा काखेत मारून रोज सकाळी वर चढायचो आणि माथ्यावर त्यावर उभा राहायचो.

"चचा, एक बार वजन करने का कित्ता लेते?" फिरायला आलेल्या एकानं विचारलं. (मी दुर्लक्ष केलं. संशोधकांना हे सोसावंच लागतं!)

आणि काय सांगू, आकडा खरंच उतरू लागला!

तुलेच्या दिवशी मारुतीच्या पारावर धान्याचा मोठा तराजू टांगलेला, सगळी भावकी जमलेली. मी जाहीर केलं, "तुला टेकडीवर करू. तिथं मी हलका असतो!"

माझी बायको शुभा शाळेत विज्ञान शिकवते (हे मला आधी आठवायला हवं होतं). ती म्हणाली, "अहो, तुम्ही हलके झालात तर गूळही तेवढाच हलका होईल ना? हा तराजू आहे! चंद्रावर टांगला तरी दांडी इथल्यासारखीच राहणार."

आई हात जोडून उभी होती. डोळे मिटून मी पारड्यात बसलो.

आणि वर गेलो! गुळाचं पारडं धाडकन जमिनीवर!

"लई पावला रं मारुतीराया!" आई रडत हसत होती.

"बघा, याला म्हणतात विज्ञान!" मी वरूनच ओरडलो.

"गुरुत्वाकर्षण आहे तिथंच आहे," शुभा म्हणाली. "रोज काटा घेऊन टेकडी चढलात, म्हणून तुम्ही झिजलात!"

झिजलो तर झिजलो, नवस फिटला! आईनं कौतुकानं गुळाची अख्खी ढेप प्रसाद म्हणून माझ्या हाती दिली. रोज पोळी, तूप आणि गूळ सुरू झाला. महिनाभरात आमच्या मुकुंदवाडीच्या घरातलं गुरुत्वाकर्षण पुन्हा पूर्ववत झालं!