आधी तुमी जेवा

बायकोच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा वाटलं, आता सगळं बोलणं त्या गाठीचंच होणार. परभणीच्या डॉक्टरांनी मात्र बोट ठेवलं ते रक्ताच्या रिपोर्टमधल्या अल्ब्युमिनवर. अन्न अंगी किती लागतंय आणि आजार किती ओरबाडतोय, ते त्यावरून कळतं म्हणे. "हे आणि वजन वाढलं तर केमो सोसेल, दिवसही जास्त मिळतील. घसरत गेलं तर अवघड आहे. दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊ घाला."

मानवतला घरी आलो आणि पहिल्याच दिवशी गाडं अडलं. लग्न झाल्यापासून ती माझ्याआधी कधी जेवली नव्हती. मी मऊ खिचडी तूप घालून समोर ठेवली.

"आधी तुमी जेवा."

"अगं, दुखणं तुला हाय का मला?"

"तुमच्या आधी घास न्हाई उतरत मला."

मी चिडलो, ताट आपटलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की दर दोन तासांनी आधी मी खायचं आणि मग तिनं. अंडं, वरण, सातूचं पीठ, भूक असो नसो, मी गिळत राहिलो. ती दोन चमचे घ्यायची आणि वाटी माझ्याकडं सरकवायची. "लय झालं. एवढं तुमी संपवा." अन्न टाकवत नसे, म्हणून तेही मीच खायचो.

पुढच्या खेपेला तिचं वजन उतरलेलं होतं, अल्ब्युमिनही. केमोचं नाव डॉक्टरांनी काढलंच नाही. मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. एसटीत तिनं विचारलं, "काय म्हणले?"

"खा म्हणले."

"मग तुमचं जेवायचं बघू लवकर. वेळ होऊन गेली."

ती खिडकीतून कापसाची रानं बघत बसली. इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट तिलाच सांगत आलो होतो, आणि हीच तेवढी सांगता येत नव्हती. तिच्या शेजारी बसून मला फार एकटं वाटलं.

ती गेल्यावर लेक पुण्याहून आली. बाप एकटा राहणार, म्हणून आग्रहानं माझं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट बघून तिचा जीव भांड्यात पडला. "बाबा, सगळं छान आहे. अल्ब्युमिन तर एकदम उत्तम."

मला रडू आवरेना. तिच्या आईच्या वाट्याचं सगळं माझ्या अंगी लागलं होतं. डॉक्टरांच्या हिशेबानं मला दिवस भरपूर मिळणार होते, आणि ते एकट्यानं काढायचे होते.